बायपासनंतर फुगा: आधी ग्राफ्टची कुंडली काढा

बायपास झाली की आम्हा बायपासवाल्यांचा आणि घरच्यांचाही एक समज होऊन बसतो: हृदयाची कटकट कायमची मिटली. मग आठ-दहा वर्षांनी जिना चढताना छातीवर पुन्हा दाब येतो आणि घरात एकच चर्चा सुरू होते, 'आता स्टेंट की परत बायपास?' माझं म्हणणं असं की हा प्रश्न नंतरचा. कोणता ग्राफ्ट (बायपासमध्ये जोडलेली रक्तवाहिनी) अरुंद झालाय, तो किती जुना आहे आणि नेमका कुठे अरुंद झालाय, हे आधी विचारायला हवं. ते कळल्याशिवाय फुग्याला, म्हणजे अँजिओप्लास्टीला, दिलेला होकार काय नि नकार काय, दोन्ही अंदाजपंचेच.

सगळे ग्राफ्ट सारखे टिकत नाहीत. छातीच्या आतली धमनी, डॉक्टर जिला 'लिमा' म्हणतात, ती दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत वाहती असते. पायातून काढलेल्या शिरेला मात्र कमी दाबाच्या रक्ताची सवय. महाधमनीला जोडली की तिच्यावर एकदम धमनीचा दाब येतो. पहिल्या महिन्यात ती बंद पडली तर बहुधा गुठळीने, वर्षभरात अरुंद झाली तर आतला थर जाडावल्याने, आणि त्यानंतर चरबीच्या थरांनी. दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास शिरा बंद तरी होतात किंवा खराब तरी. म्हणूनच 'फुगा चालतो का?' याला एक उत्तर नाही. शीर हृदयाच्या धमनीला जिथे शिवलेली असते, त्या खालच्या जोडावर वर्षाच्या आत अडथळा आला तर फुगा चांगलं काम देतो. जुन्या शिरेतली चरबी मात्र ठिसूळ. फुगा फुगला की तिचा चुरा सुटतो आणि पुढच्या बारीक वाहिन्यांत अडकतो. पडद्यावर शीर उघडलेली दिसते, पण डाय (तपासणीसाठी रक्तात सोडलेला रंग) पुढे सरकत नाही.

हे नुसते तर्क नाहीत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह्ड' चाचणीत अशा शिरांमध्ये नुसत्या फुग्याला ६९ टक्के, तर स्टेंटला ९२ टक्के यश आलं. पण सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण ४६ आणि ३७ टक्के, म्हणजे ठाम फरक म्हणावा असा नव्हताच. चुरा अडवणारं साधन वापरलं तेव्हा ३० दिवसांतल्या मोठ्या गुंतागुंती १६.५ टक्क्यांवरून ९.६ वर आल्या, हे २००२ च्या 'सेफर' चाचणीत दिसलं. आणि औषध लावलेला महागडा स्टेंट घातला की झालं, असं मानणाऱ्यांनी २०१८ ची 'दिवा' चाचणी पाहावी: शिरेच्या ग्राफ्टमध्ये तो वर्षभरात साध्या स्टेंटपेक्षा सरस ठरला नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सरळ दुसरी बायपासच का नको? होते तीही. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९०ची, दुसरी जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये, मुंबईहून डॉ. रमाकांत पांडा त्यासाठी गेले होते. पण तेव्हाच्या पंतप्रधानांना झेपलं म्हणून सरसकट सगळ्यांना झेपेल असं नाही. छातीचं हाड पुन्हा कापताना खाली सगळं चिकटलेलं असतं, चालू असलेल्या लिमालाच धक्का लागू शकतो, आणि पायाच्या चांगल्या शिरा आधीच वापरून झालेल्या असतात. तिसरी वाटही आहे: ग्राफ्टच्या नादी न लागता मूळ धमनीच उघडायची. बिल क्लिंटन यांचा २००४ चा एक ग्राफ्ट २०१० मध्ये पूर्ण बंद सापडला, तेव्हा डॉक्टरांनी मूळ धमनी उघडून तिच्यात दोन स्टेंट बसवले. पण वर्षानुवर्षं बंद असलेली धमनी उघडणं वेळखाऊ आणि जोखमीचं, तेव्हा तीही सगळ्यांची वाट नव्हे.

यातली कोणतीही वाट निवडायची तर आधी ग्राफ्टची माहिती हवी, आणि नाशिकची अडचण तिथेच आहे. इथल्या कित्येकांची बायपास कसारा घाट उतरून मुंबईत झालेली असते. दुखणं मात्र उठतं सिडकोत नाहीतर कळवणला, आणि पेशंट पोहोचतो शालीमारच्या संदर्भ रुग्णालयात किंवा जवळच्या खासगी कॅथलॅबमध्ये. सोबत असतं घडी पडून फाटलेलं डिस्चार्ज कार्ड, त्यावर 'तीन ग्राफ्ट' एवढंच. मग महाधमनीवर प्रत्येक ग्राफ्टचं तोंड कॅथेटरने चाचपत शोधावं लागतं. वेळ जातो, डाय जास्त लागतो, आणि मधुमेहाने थकलेल्या किडनीला तो सोसत नाही. ऑपरेशन नोट असेल तर लिमासाठी डावं मनगट सोयीचं, हेसुद्धा आधीच ठरतं. बायपास झाली त्याच आठवड्यात ही नोट मागून घ्यावी, तिचा फोटो मुलांच्या मोबाइलवर ठेवावा. अँजिओप्लास्टी ठरली तर चुरा अडवणारी जाळी वापरता येईल का, हे विचारायला संकोच करू नये. त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये अरुंद दिसलेला प्रत्येक ग्राफ्ट उघडायलाच हवा असंही नाही. गोळ्यांवर किती भागेल, हाही रास्त प्रश्न आहे.

मात्र बसल्या जागी छातीत दुखून घाम फुटला, तर यातलं काहीही आठवत बसू नका. १०८ लावा, फाइल मागाहून कुणीतरी आणेल.