व्हिक्टोरियन कविता : बोलतो कोण?

वाणिज्य शाखेच्या मुलाने इंग्रजी कवितेवर लिहावे याचे कोणाला हसू येईल. पण इंग्रजीचा पेपर आम्हांलाही चुकत नाही. आणि माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्याला ताळेबंद जुळवणे सोपे, कविता अवघड. सहामाहीला ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’वर मी पाठ केलेले उत्तर लिहिले आणि त्यात पदरचे एक वाक्य घातले : ‘कवीला आपल्या घराण्याचा फार अभिमान आहे.’ सरांनी त्याखाली लाल रेघ ओढून एवढेच लिहिले : ‘हे बोलतो कोण?’ गुण गेले, पण अभ्यासाची रीत सापडली. तीच येथे मांडतो.

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी. या काळातल्या कवींनी ‘ड्रॅमॅटिक मोनोलॉग’ हा प्रकार विशेष वाढवला. यात कवी स्वतः बोलत नाही. त्याने उभे केलेले एखादे पात्र बोलते. नाटकातल्या स्वगतापेक्षा हे वेगळे, कारण येथे बहुधा समोर कोणी ऐकणारा असतो. आमच्या गल्लीतले दुकानदार फोनवर कानडीत व्यापाऱ्याशी बोलतात, तेव्हा पलीकडचे शब्द ऐकू येत नाहीत. तरी उधारी कोणाची आणि घाई कोणाला, हे आपल्याला कळते. मोनोलॉग असाच ऐकावा.

म्हणून प्रत्येक कवितेला तीन प्रश्न विचारावेत. बोलतो कोण? कोणाशी? आणि बोलता बोलता नकळत काय सांगून जातो?

‘माय लास्ट डचेस’ १८४२ साली प्रसिद्ध झाली. बोलणारा फेराराचा ड्यूक. ऐकणारा, त्याच्या पुढच्या लग्नाची बोलणी करायला आलेला दूत. पडद्याआडचे पहिल्या पत्नीचे चित्र दाखवताना ड्यूक तिचे दोष सांगतो : ती सर्वांशीच सारख्या आनंदाने वागे, त्याच्या जुन्या घराण्याच्या नावाला वेगळा मान देत नसे. मग आपण हुकूम दिले आणि तिचे हसणे थांबले, असे सहज सांगतो. दोष तिचे सांगायला गेला आणि उघडा तोच पडला! तेव्हा अभिमान ड्यूकचा. कवी त्याच्यामागे उभा राहून त्याला बोलू देतो. कवितेत यमके आहेत, पण वाक्ये ओळ ओलांडून पुढे धावतात, म्हणून ऐकताना साधे बोलणेच वाटते.

टेनिसनची ‘युलिसीस’ही १८४२ सालीच छापली गेली. तेथे पुन्हा प्रवासाला निघू पाहणारा म्हातारा राजा बोलतो. आर्थर हॅलम हा टेनिसनचा जिवलग मित्र १८३३ साली वारला. त्यानंतर लगेच ही कविता लिहिली गेली. त्याच दुःखावरचे ‘इन मेमोरियम’ हे दीर्घ काव्य १८५० साली आले, पण तेथे कवी स्वतःच्या आवाजात शोक करतो. दुःख एक, आवाज दोन. हा फरक उत्तरात आवर्जून दाखवावा.

सनावळीही पाठ करण्यापुरती नसते. ‘इन मेमोरियम’मधली श्रद्धेविषयीची शंका डार्विनमुळे आली, असे अनेकजण लिहितात. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ ग्रंथ १८५९ चा, म्हणजे नऊ वर्षे नंतरचा! टेनिसनने वाचला होता तो भूगर्भशास्त्रज्ञ लायेल. जमाखर्चात पुढच्या वर्षाची नोंद मागच्या वर्षी घालत नाहीत. येथेही घालू नये. मॅथ्यू अर्नल्डची ‘डोव्हर बीच’ १८६७ साली प्रसिद्ध झाली. तीत रात्री खिडकीशी उभा राहून कोणी आपल्या प्रिय व्यक्तीशी ओसरत चाललेल्या श्रद्धेविषयी बोलतो. तेथेही ऐकणारे माणूस विसरू नका.

तयारी करताना आधी कविता दोनदा मोठ्याने वाचावी, मग तीन प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहावीत, कानडीत सुचली तर कानडीत. टिपणे त्यानंतर उघडावीत. इंग्रजी वाक्य चुकले तर अर्धा गुण जाईल. बोलणाराच चुकला, तर सगळी कविता हातची जाते.