अपघातानंतरचे निवेदन : कैग्याचा धडा

कारखान्यात गंभीर अपघात झाला की लोक कंपनीचे निवेदन वाचतात आणि त्याचा अर्थ आपल्या डॉक्टरांना विचारतात. म्हणूनच हा विषय केवळ जनसंपर्क अधिकाऱ्यांचा नाही, असे मला वाटते.

जोयडा तालुक्यात उगम पावणारी काळी नदी पुढे कारवार तालुक्यातील कैगा अणुवीज केंद्राजवळून जाते. 24 नोव्हेंबर 2009 रोजी तेथील कर्मचाऱ्यांच्या नित्याच्या मूत्रतपासणीत ट्रिशियमचे प्रमाण वाढलेले आढळले. पिण्याच्या पाण्याचा एक कूलर दूषित झाला होता. पन्नासहून अधिक कर्मचारी बाधित होते. बातमी देशभर पसरली ती चार-पाच दिवसांनी. केंद्रातून किरणोत्सर्गाची गळती झालेली नाही, कोणीतरी हेतुपुरस्सर हे कृत्य केले असावे, असा खुलासा अधिकाऱ्यांनी केला. परंतु उशिरा आलेला खुलासा खरा असला, तरी कुठेतरी पाणी मुरते आहे असेच ऐकणाऱ्यास वाटते.

वस्तुतः सांगण्याजोगे पुष्कळ होते. ट्रिशियमचे बीटा किरण दुर्बळ असतात, ते त्वचा भेदत नाहीत. धोका असतो तो ट्रिशियम शरीरात गेल्यास. त्यातील निम्मा भाग सुमारे दहा दिवसांत बाहेर पडतो; भरपूर द्रवपदार्थ व मूत्रल औषधांनी हा काळ आणखी कमी होतो. ‘काळजीचे कारण नाही’ या कोरड्या आश्वासनापेक्षा एवढी माहिती अधिक धीर देते.

माहितीच न मिळाल्यास काय होते, हे भोपाळने दाखविले. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री हजारो रुग्ण दारात असताना वायू कोणता, उतारा कोणता, हे तेथील डॉक्टरांना ठाऊक नव्हते. पुढे 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या रहिवाशांना देणे बंधनकारक झाले.

माझ्या मते निवेदनाचा क्रम असा असावा :

1. पदार्थाचे नाव, मात्रा व उपचार प्रथम जवळच्या डॉक्टरांना कळवावेत.
2. बाधितांच्या कुटुंबीयांना वृत्तपत्रांआधी सांगावे.
3. निश्चित काय, अनिश्चित काय, हे वेगळे मांडावे. दोषारोप चौकशीवर सोडावा.
4. पुढील माहिती केव्हा मिळेल ते सांगून ती वेळ पाळावी.
5. निवेदन कन्नड, कोकणी, मराठी अशा लोकांच्या भाषांत असावे.

रुग्णाला निदान सांगताना आपण आकडा लपवीत नाही आणि खोटी आशाही दाखवीत नाही. कंपनीकडूनही समाजाची अपेक्षा याहून निराळी नाही.