व्हिडिओ-संपादनासाठीं सॉफ्टवेअरची निवड

छाटणी, कलमबांधणी, बीजप्रक्रिया, रोगाची ओळख या गोष्टी छापील वर्णनापेक्षां प्रत्यक्ष पाहून लवकर समजतात. म्हणूनच आपल्यापैकीं पुष्कळ बागाईतदार आपले प्रयोग मोबाइलवर चित्रित करून इतरांस दाखवूं लागले आहेत. हा उपक्रम स्तुत्य होय. परंतु चित्रणाची काटछाट कोणत्या सॉफ्टवेअरवर करावी, हा प्रश्न बहुधा जाहिरात पाहून किंवा शेजाऱ्याचें अनुकरण करून सोडविला जातो. बियाणें घेतांना आपण जी चौकशी करतों, तितकीच चौकशी येथेंही करणें अवश्य आहे.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, सॉफ्टवेअर गुण निर्माण करीत नाहीं. असलेला गुण तें राखतें किंवा घालवितें. भिंग धुळीनें माखलेलें, हात हललेला, वाऱ्याच्या घोंघावण्यांत आवाज बुडालेला, अशा चित्रणास महागडें सॉफ्टवेअरही तारूं शकत नाहीं. निकस जमिनीस नुसत्या पाण्यानें पीक येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

१. रंगाचा खरेपणा. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही कसोटी सर्वांत महत्त्वाची. नत्राची उणीव असतां पिवळेपणा प्रथम जुन्या, खालच्या पानांवर दिसतो. लोहाची उणीव असतां कोवळीं पानें पिवळीं पडतात व त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. मोबाइलवरील कित्येक सॉफ्टवेअरमध्यें चित्र खुलविण्यासाठीं तयार ‘फिल्टर’ असतात. ते हिरवा रंग अधिक हिरवा करतात, आणि ज्या लक्षणासाठीं चित्रण केलें तेंच लक्षण झांकून टाकतात. असें चित्र पाहून कोणी चुकीची फवारणी केली, तर औषधाचा खर्च व गेलेला हंगाम परत कोण देणार? म्हणून पांढऱ्या रंगाचा समतोल हातानें साधतां येईल आणि रंगांचें मान आलेखावर पाहतां येईल, असेंच सॉफ्टवेअर घ्यावें. चित्रणाच्या आरंभीं पानाशेजारीं एक कोरा पांढरा कागद धरल्यास पुढें हें काम सोपें होतें.

२. मूळ चित्रण अबाधित राहणें. फेरफाराच्या नोंदवहींत मागील नोंद खोडून टाकीत नाहींत. नवी नोंद लिहितात, व जुनी केव्हांही वाचतां येते. चांगलें संपादन-सॉफ्टवेअर याच न्यायानें चालतें. तें मूळ फाइलीस हात लावीत नाहीं. कोठें कापलें, कोठें जोडलें, याची फक्त नोंद ठेवतें. चूक ध्यानांत आल्यास ती सुधारतां येते. मात्र मूळ फाइली स्वतंत्र डिस्कवर जपून ठेवाव्या.

३. आपल्या यंत्राची शक्ति. दा विंची रिझॉल्व्ह हें सॉफ्टवेअर रंगसंस्कारासाठीं विख्यात आहे. ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीनें तें २००९ सालीं आपल्याकडे घेतलें. त्याच्या विनामूल्य आवृत्तींतून ३८४० × २१६० बिंदूंपर्यंतचें चित्र, कंपनीची छाप न उमटतां, बाहेर काढतां येतें. परंतु त्यास निदान १६ जीबी रॅम व चांगलें ग्राफिक्स कार्ड लागतें. साध्या संगणकावर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह वापरावें. हीं दोन्ही मुक्त व विनामूल्य आहेत. शॉटकटला १९२० × १०८० बिंदूंच्या चित्रासाठीं ८ जीबी रॅम पुरते. यंत्र मंद चालल्यास ‘प्रॉक्सी’ची सोय वापरावी, तींत संपादन लहान प्रतीवर होतें व अंतिम प्रत मूळ चित्रणावरून निघते. या तिन्ही सॉफ्टवेअरमध्यें ती सोय आहे. फायनल कट प्रो मात्र केवळ अ‍ॅपलच्याच यंत्रांवर चालतें.

४. खर्चाची रीत. अडोबी प्रीमिअरच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणीनेंच मिळतात. नित्य धंदा करणारास तें परवडेल. पण ज्याचें उत्पन्न सुगीस येतें, त्यानें दरमहाच्या देण्यास बांधून घेण्यापूर्वीं पुष्कळ विचार करावा. वर्गणी थांबली कीं सॉफ्टवेअर बंद पडतें, आणि अर्धवट राहिलेलें काम तसेंच अडकतें. कित्येक मोबाइल सॉफ्टवेअर फुकट म्हणून मिळतात, परंतु चित्रावर स्वतःची छाप उमटवितात, हेंही आधीं पाहावें.

५. अंतिम प्रत. येथेंच पुष्कळांचे श्रम वायां जातात. चित्राची माहिती दर सेकंदास किती साठवावी, हें ठरविण्याची मोकळीक सॉफ्टवेअरमध्यें असावी. सेकंदास २५ किंवा ३० चौकटींच्या, १९२० × १०८० बिंदूंच्या चित्रासाठीं यूट्यूब ८ मेगाबिट सुचवितें. या मानानें दहा मिनिटांची फाइल सुमारें ६०० मेगाबाइट होते. एकदां दाबलेली फाइल पुनः पुनः दाबूं नये. प्रत्येक वेळीं कस कमी होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवितांना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे चित्र दाबलें जात नाहीं.

६. मराठी अक्षरें. औषधाचें प्रमाण पडद्यावर लिहावयाचें असतें, तेव्हां जोडाक्षरें तुटून किंवा वेलांटी चुकीच्या जागीं पडून चालत नाहीं. ‘शेतकऱ्यांसाठीं द्राक्षछाटणी’ एवढे शब्द लिहून पाहिले, तरी सॉफ्टवेअरची परीक्षा होते.

शेवटीं एकच सूचना. पेरणीपूर्वीं शंभर दाणे भिजवून आपण उगवण पाहतों, त्याप्रमाणें कोणतेंही सॉफ्टवेअर स्वीकारण्यापूर्वीं स्वतःच्या मोबाइलवर घेतलेलें एका मिनिटाचें चित्रण त्यांत घालून पूर्ण करून पाहावें. निघालेली प्रत मोबाइलवर व मोठ्या पडद्यावर पाहावी, ओंठांचें हलणें व आवाज जुळतो कीं नाहीं हें तपासावें, आणि तेंच पान उजेडांत शेजारीं धरून रंग ताडून घ्यावा. पानाचा व पडद्याचा रंग एक दिसला, तर तें सॉफ्टवेअर आपल्या कामाचें, मग त्याची किंमत कांहींही असो.