स्मृतींचे बचत खाते : छायाचित्रण व चलच्चित्रणाचा छंद

बंगळुरूच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. या दोन रस्त्यांच्या नावांवरूनच वसाहतीला तिचे नाव मिळाले. बंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेल्या या वसाहतीचे सात सेक्टर असून, नोकरीनिमित्त देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे येथे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. वसाहतीला लागूनच आगर तलाव आहे. पहाटे तलावाभोवतीच्या पायवाटेवर फिरावयास येणाऱ्यांपैकी कित्येकजण मध्येच थांबतात आणि खिशातून मोबाइल काढतात. पंख पसरून वाळवीत बसलेला पाणकावळा, पाण्यातून संथपणे जाणारा पेलिकन, पहिल्यांदाच सायकल चालविणारे नातवंड, असे काहीतरी टिपले जाते आणि माणसे पुढे चालू लागतात.

छायाचित्रण हा एके काळी संस्थानिकांचा व धनिकांचा छंद होता; आज तो सर्वांच्या खिशात आला आहे. छत्तीस चित्रांचा रोळ पुरवून पुरवून वापरण्याचे दिवस मागे पडले. मात्र चित्रे वाढली तशी स्मृतीही वाढली काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ठेव किती आहे यापेक्षा ती सुरक्षित आहे काय आणि हवी तेव्हा हाती लागते काय, याला बँकेच्या व्यवहारात महत्त्व असते. चित्रांच्या बाबतीतही तोच हिशेब लागू पडतो.

छंदाची मराठी परंपरा

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगापुढे जाहीर झाला आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेचे सभासद होते. वैद्यकीय व्यवसाय सांभाळून त्यांनी हा छंद जोपासला. व्यवसाय एक आणि आवड दुसरी, ही आजच्या नोकरदार हौशी छायाचित्रकाराची परंपरा इतकी जुनी आहे.

चलच्चित्रणाची कथा याहून उद्‌बोधक आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखविण्यात आल्या. ल्युमिएर बंधूंच्या आरंभीच्या फितींत राजे नव्हते की युद्धे नव्हती. कारखान्यातून घरी निघालेले कामगार आणि तान्ह्या बाळाला भरविणारे आईबाप, असे साधे विषय त्यांत होते. या खेळाने हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, प्रभावित झाले. त्यांचा मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले. पुढे केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचा सोहळाही सावेदादांनी टिपला. भारतीयाने केलेले हे चलच्चित्रणाचे अगदी आरंभीचे प्रयत्न होत.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण तर घरातलेच आहे. चित्रपटासाठी भांडवल हवे होते; त्यासाठी लोकांचा विश्वास संपादन करणे भाग होते. १९१२ साली त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने टिपून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फीत तयार केली आणि ती पाहून अर्थसाहाय्य करणारे पुढे आले. त्याआधी विलायतेच्या प्रवासासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या होत्या. फिल्मला छिद्रे पाडण्यापासूनची कामे पत्नी सरस्वतीबाई करीत. भारतीय चित्रपटसृष्टीच्या उभारणीत घरातल्या एका कुंडीचाही वाटा होता, हे विसरता येत नाही.

तलावाकाठची पाठशाळा

छंदाचा आरंभ करण्यास दूरच्या प्रवासाची गरज नसते. आगर येथील नवव्या शतकातील शिलालेखात तलावांच्या बांधकामाचा उल्लेख आहे. अकराशे वर्षांचा इतिहास असलेला हा परिसर एचएसआर लेआउटमधील रहिवाशाच्या दारात आहे. तेथे चार गोष्टी शिकता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रकाश. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा साधारण एक तास प्रकाश तिरपा, मऊ व उबदार असतो. भर दुपारी तोच तलाव सपाट व निस्तेज दिसतो. चेहरा टिपताना प्रकाश बाजूने यावा. सूर्य पाठीमागे असल्यास चेहरा काळवंडतो. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला स्पर्श करून उजेडाचे प्रमाण वाढवावे.

दुसरी गोष्ट रचनेची. चित्राचे उभे व आडवे तीन-तीन समान भाग कल्पून मुख्य विषय त्या रेषांच्या छेदबिंदूपाशी ठेवावा. क्षितिजरेषा सरळ असावी. बटण दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरविली, तर डोक्यातून उगवलेला विजेचा खांब वेळीच ध्यानात येतो.

तिसरी गोष्ट अंतराची. मोबाइलवर बोटांनी चित्र मोठे केल्यास बहुधा त्याचा दर्जा घसरतो. त्यापेक्षा चार पावले पुढे जावे. मात्र पक्षी घरट्यात असल्यास पुढे जाऊ नये. एका चित्रासाठी पिलांचा जीव धोक्यात घालणे हा छंद नव्हे.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सातत्य. एकच जागा ठरवून वर्षभर रोज एक चित्र घ्यावे. ३६५ चित्रे सेकंदाला दहा या गतीने जोडली, तर साडेछत्तीस सेकंदांची फीत होते आणि तीत पावसाळा, उन्हाळा, फुललेली व पाने गळालेली झाडे असा सारा ऋतुचक्राचा प्रवास दिसतो. फाळक्यांच्या अंकुराचीच ही आधुनिक आवृत्ती होय. हीच दृष्टी रस्त्यांनाही लागू पडते. १० ऑगस्ट २०२५ रोजी नम्मा मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्‌घाटन झाले आणि सेंट्रल सिल्क बोर्डाच्या चौकाची ओळख बदलली. त्यापूर्वीचा चौक ज्यांनी सहज म्हणून टिपून ठेवला असेल, त्यांच्यापाशी आज शहराच्या इतिहासाचे पान आहे.

सामान्य जीवनाचे चित्रण कमी प्रतीचे असते, हा समज निराधार आहे. मैसुरूचे टी. एस. सत्यन (१९२३–२००९) यांनी साध्या माणसांची, मुलाबाळांची, रोजच्या कष्टांची चित्रे आयुष्यभर टिपली आणि १९७७ साली त्यांना पद्मश्री प्राप्त झाली.

चलच्चित्रणाचे काही नियम

चलच्चित्रणात नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे कॅमेरा सतत फिरविणे. पाहणाऱ्याची नजर त्यामुळे कोठेच स्थिरावत नाही. कॅमेरा स्थिर धरून प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद टिपावे. एक दूरचे, एक मध्यम व एक जवळचे अशी तीन दृश्ये घेतल्यास कोणताही प्रसंग नीट सांगता येतो. दोन्ही कोपरे शरीराला टेकवून उभे राहिल्यास हात कमी हलतो. घरातल्या कृत्रिम दिव्यांखाली चित्रण केल्यास कधी कधी पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने असे घडते. मोबाइलमध्ये सोय असल्यास सेकंदाला २५ चौकटींचा पर्याय निवडावा.

चित्राइतकेच ध्वनीला महत्त्व आहे. परप्रांतात वाढणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तर ध्वनीचे मोल अधिक. एचएसआर लेआउटमधील मराठी घरात मूल शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी व कन्नड बोलते. मराठी त्याला मुख्यतः घरातूनच मिळते. सुटीत आजी-आजोबा येतात तेव्हा त्यांचे छायाचित्र घेतले जाते, पण आवाज राहून जातो. आजी पुरणाला चटका देताना जे बोलते, आजोबा आपल्या गावच्या जत्रेचे जे वर्णन करतात, ते दहा-दहा मिनिटांच्या भागांत टिपून ठेवावे. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, मोबाइल बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा, एक प्रश्न विचारून मग गप्प बसावे. चेहरा चित्रात उरतो; पण ‘अगं बाई’ म्हणण्याची लकब, त्या त्या गावचा हेल आणि हसण्याची तऱ्हा केवळ ध्वनिचित्रणातच उरते. हे काम पुढील सुटीवर ढकलण्याजोगे नाही.

प्रवास : पाहणे आणि दाखविणे

प्रवासचित्रणात प्रसिद्ध वास्तूपुढे उभे राहून घेतलेली चित्रे अनेक असतात. त्यांतून प्रवासाची कथा मात्र उलगडत नाही. एखादे सूत्र ठरवून निघाल्यास तीच सहल अभ्यासाचा विषय होते. बंगळुरूतील मराठी कुटुंबासाठी शहाजीराजांच्या खुणा हे असे सूत्र होऊ शकेल. १६३८ च्या मोहिमेनंतर बंगळुरू शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर मंदिराचा संबंध त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याशी जोडला जातो. १६६४ साली शहाजीराजांचे निधन झाले. त्यांची समाधी दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे येथे आहे. मंदिर, समाधी, वाटेवरचे फलक, भेटलेली माणसे आणि नकाशा यांची गुंफण केल्यास पंधरा मिनिटांचा उत्तम कौटुंबिक माहितीपट तयार होतो. मुलांनी निवेदन मराठीत लिहावे. त्यांना इतिहासही कळेल आणि भाषेचाही सराव होईल.

इतरांचा हक्क

चौकटीत येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला स्वतःची इच्छा असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या प्रकरणातील याचिकाकर्ते न्या. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. अनोळखी व्यक्तीचे जवळून चित्र घेताना हसून विचारावे. नकार आल्यास तो मानावा. दुसऱ्यांच्या मुलांची चित्रे पालकांच्या संमतीशिवाय प्रसृत करू नयेत. कोणाच्याही खासगी क्षणांचे संमतीवाचून चित्रण करणे हा कायद्याने गुन्हा आहे. ड्रोन वापरणाऱ्यांनी ड्रोन नियम, २०२१ वाचावेत आणि आपला परिसर उड्डाणास मोकळा आहे काय, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहावे.

ग्राहकांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नव्या वाहनाच्या किंवा घराच्या आनंदात घेतलेल्या चित्रांत धनादेश, पासबुक वा कार्ड दिसत नाही ना, हे पाहावे. प्रवासाची चित्रे घरी परतल्यावर प्रसिद्ध करावीत. अन्यथा घर बंद असल्याची वार्ता आपणच जगाला देतो. चित्रासोबत ठिकाणाची नोंदही जाते. नको असल्यास मोबाइलमधील ती सोय बंद ठेवावी.

जतन : छंदाचा खरा कस

सावेदादांनी टिपलेल्या त्या पहिल्या फिती आज उपलब्ध नाहीत. कुस्ती झाली, स्वागत झाले, चित्रणही झाले. पण पाहावयास उरले नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच आज पाहता येतो. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्या परिश्रमांमुळे पुष्कळ काही वाचले. तरीही जानेवारी २००३ मधील आगीत तेथील जुन्या नायट्रेट फिल्म भस्मसात झाल्या. तेव्हाची फिल्म ज्वालाग्राही होती. आजची चित्रे जळत नाहीत, पण मोबाइल हरवतो, हार्ड डिस्क बंद पडते, परवलीचा शब्द विसरतो. वीस वर्षांपूर्वी लग्नाची चित्रे ज्या सीडीत जपली, ती लावण्याची सोयच आता बहुतेक लॅपटॉपमध्ये नाही.

यावर जाणकारांनी सांगितलेला उपाय ‘तीन-दोन-एक’ या सूत्रात आहे. प्रत्येक मोलाच्या चित्राच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत घराबाहेर असावी. सारी ठेव एकाच ठिकाणी ठेवू नये, हे तर गुंतवणुकीचेही तत्त्व आहे. व्हॉट्सअॅपवरून सर्वसाधारण पद्धतीने पाठविलेले चित्र आकुंचित होते, म्हणून मूळ प्रत जपावी. महाजालावरील साठवणही कायमची समजू नये. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते काढून टाकण्याचे धोरणही गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. मात्र खाते निष्क्रिय झाल्यास त्यातील माहिती कोणास मिळावी, हे आधीच नोंदविण्याची सोय तेथे आहे. बँक खात्याला नामनिर्देशन करणाऱ्या ग्राहकाने आपल्या चित्रांच्या खात्यालाही ते करावे.

जतन म्हणजे केवळ साठा नव्हे. महिन्यातील एका रविवारी अर्धा तास बसून अस्पष्ट व पुनरुक्त चित्रे काढून टाकावीत. उरलेल्यांना दिनांक, स्थळ व व्यक्तींची नावे द्यावीत. जुन्या पेटीत सापडलेल्या पिवळट चित्रातील स्त्री पणजी की तिची बहीण, हे सांगणारे कोणी उरत नाही, तेव्हा त्या एका ओळीची किंमत कळते. वर्षअखेरीस निवडक पन्नास चित्रे कागदावर छापून त्यांचा अल्बम करावा. तो उघडण्यास ना वीज लागते, ना परवलीचा शब्द.

आगर तलावाकाठी सायकल शिकणारे ते नातवंड उद्या मोठे होईल आणि कदाचित आणखी दूरच्या शहरी जाईल. त्या सकाळचे चित्र आणि मागून येणारा ‘हळू रे, पुढे बघ’ हा आजोबांचा आवाज त्याच्या हाती सुखरूप पोहोचला, तर हा छंद सार्थकी लागला असे म्हणता येईल. थोडे थोडे, नियमितपणे आणि जपून, ही बचतीची रीत येथेही तितकीच फलदायी आहे.