क्रियाविशेषण आणि अलंकार : इंग्रजीच्या वर्गातील मराठी व्याकरण

ओझर हे निफाड तालुक्यातील गाव. १९६४ साली येथे मिग विमानांच्या कारखान्याची स्थापना झाली आणि द्राक्षबागांच्या शेजारी कामगारांची वसाहत उभी राहिली. अशा गावातील मराठी माध्यमाच्या मुलास इंग्रजी शब्द अपरिचित नसतात. अपरिचित असते ती इंग्रजी वाक्याची रचना. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले, तरी पाचवी ते आठवीच्या वर्गांत क्रियाविशेषण आणि अलंकार हे दोन घटक बहुधा व्याख्या पाठ करून संपविले जातात. या घटकांच्या अध्यापनात मराठी व्याकरणाचा उपयोग कोठवर होतो आणि कोठे ते दिशाभूल करते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणापासून (१८३६) मराठीतील शब्दजातींच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाया आहे. त्यामुळे 'ॲडव्हर्ब' म्हणजे क्रियाविशेषण हे समीकरण आपण निःशंकपणे मांडतो. परंतु 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' या वाक्यांत क्रियेचा विशेष सांगणारा शब्द कर्त्याच्या लिंगानुसार बदलतो. म्हणजे रूपाने तो विशेषणासारखा वागतो. इंग्रजीत मात्र येथे 'गुड' चालत नाही, 'वेल' हेच अव्यय योजावे लागते. विद्यार्थी 'शी सिंग्ज गुड' लिहितो, तेव्हा त्याच्या मातृभाषेचा नियम तेथे काम करीत असतो. तो नियम उघड करून दाखविल्यास चूक आपोआप समजते.

दुसरी अडचण 'ली' या प्रत्ययाची. तो दिसला की क्रियाविशेषण, ही खूण फसवी आहे. 'फ्रेंडली' हे विशेषण आहे. 'फास्ट' प्रत्ययावाचून क्रियाविशेषण होते. आणि 'ही वर्क्स हार्ड' व 'ही हार्डली वर्क्स' या वाक्यांचे अर्थ तर परस्परविरुद्ध आहेत. शिवाय मराठी जे क्रियाविशेषणाने सांगते, ते इंग्रजी पुष्कळदा क्रियापदातच सामावून घेते. 'दार धाडकन लावले' यासाठी 'स्लॅम्ड' आणि 'टकमक पाहिले' यासाठी 'स्टेअर्ड' एवढा एक शब्द पुरतो. म्हणून क्रियाविशेषणांची यादी देण्यापेक्षा अशा वाक्यांच्या जोड्या फळ्यावर मांडणे अधिक फलदायी ठरते.

अलंकारांच्या बाबतीत मराठी शिक्षकाजवळ मोठे भांडवल आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द ही चार अंगे ज्याला ठाऊक आहेत, त्याला 'सिमिली' समजण्यास वेळ लागत नाही. मात्र साधारण धर्म समाजागणिक बदलतो. इंग्रजीत घुबड शहाणपणाचे उपमान आहे. मराठी मुलाच्या कानी ते अपशकुनी म्हणून आलेले असते. बर्फाच्या शुभ्रतेपेक्षा त्याला बगळ्याची शुभ्रता जवळची वाटते. तेव्हा पुस्तकातील उपमा समजावून घेतल्यावर मुलाने द्राक्षाचा घड, विमानाची घरघर, बाणगंगेचे पात्र यांवरून स्वतःची इंग्रजी उपमा रचावी.

'मेटाफर' आणि रूपक यांचेही क्षेत्र सर्वस्वी एक नाही. रूपकात उपमेय व उपमान या दोहोंचा उल्लेख असतो. योद्ध्याचे नाव न घेता 'सिंहाने गर्जना केली' म्हटल्यास इंग्रजीत तेही 'मेटाफर'च. मम्मटाच्या मांडणीत मात्र ते अतिशयोक्तीच्या एका प्रकारात येते. शालेय मराठीत 'हायपरबोल'लाही अतिशयोक्तीच म्हणतात, म्हणून गोंधळ वाढतो. आठवीच्या वर्गात मम्मट सांगण्याचे कारण नाही, पण शिक्षकाला हा भेद ठाऊक असावयास हवा.

तात्पर्य, आधी मातृभाषेतील वाक्य, मग इंग्रजी वाक्य, मग दोहोंतील भेदाचा उच्चार आणि शेवटी संज्ञा, असा क्रम ठेवणे इष्ट. संज्ञा प्रथम दिल्यास मूल दोन्ही भाषांची व्याकरणे वेगवेगळी घोकते, आणि पुढे पदव्युत्तर वर्गात आल्यावरही त्याला अलंकार ओळखता येतो, पण त्याने वाक्यात काय साधले हे सांगता येत नाही. या उणिवेचे मूळ शाळेत असले, तरी त्या शाळांचे शिक्षक आपल्याच वर्गांतून तयार होतात. म्हणून तुलनात्मक व्याकरणाचा हा भाग मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात यावयास हवा.