प्रथम शिकावे, मग सेवा करावी
(डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या कार्याचा अभ्यास)

आपल्या विद्यालयाचे काही माजी विद्यार्थी सेवाकार्यासाठी दूरच्या मुलखात जाऊ इच्छितात. अनोळखी गावात पोहोचलेल्या स्वयंसेवकाने आरंभ कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात.

जपानने 1937 मध्ये चीनवर मोठे आक्रमण केले. तेव्हा सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसने अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी या पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. 1 सप्टेंबर 1938 रोजी पथकाने मुंबई सोडली, तेव्हा कोटणीस 27 वर्षांचे होते. फेब्रुवारी 1939 मध्ये ते येनानला पोहोचले. तेथे डोंगरात कोरलेल्या गुहांतच लोकांची वस्ती होती आणि रुग्णालयही.

पुढे उत्तर चीनच्या खेड्यापाड्यांत काम करताना कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली. ते चिनी भाषेत शिकवू लागले. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवर त्याच भाषेत लेखनही केले. जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. तेथील गुओ चिंगलान यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. पुत्राचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचा मुक्काम पाहुण्याचा राहिला नव्हता.

सेवेची दुसरी बाजू आपल्या समाजाने सोसली आहे. उद्धारक म्हणून येणारा मनुष्य पुष्कळदा उपकाराची भाषा बोलतो. पूज्य बाबासाहेबांनी 14 नोव्हेंबर 1932 रोजी ठक्करांना लिहिलेल्या पत्रात अस्पृश्यांच्या कार्यासाठी शक्यतो त्याच वर्गातील कार्यकर्ते घ्यावेत, असे सुचविले. कारण भाडोत्री सेवकापेक्षा ते हे काम प्रेमाने करतील. बाहेरून येणाऱ्याची कसोटी येथेच लागते. कोटणीस त्या कसोटीस उतरले, कारण त्यांनी तेथील लोकांची भाषा, अन्न आणि धोका हे तिन्ही स्वीकारले.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे पाहू. येथील पाड्यावर येणारा स्वयंसेवक परदेशातून आलेला असो वा मुंबईहून, त्याला प्रथम पाड्याचे वर्ष समजले पाहिजे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत वर्ग भरविणाऱ्यास बंद झोपड्याच दिसतील. मग ‘यांना शिक्षणाची आवड नाही’ असा निष्कर्ष काढणे हा अन्याय होय. भातसा-तानसाचे पाणी मुंबईस जाते आणि धरणांच्या याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही त्याने जाणावे. मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी असते. ती ऐकल्याविना शिकवता येत नाही. भगवान बुद्धांनीही धम्म लोकांच्या बोलीत सांगण्याची परंपरा घातली, ती याचसाठी.

आमचे विद्यार्थी स्वतः अशा पाड्यांतून आले. उद्या ते दुसऱ्याच्या गावी सेवक म्हणून जातील तेव्हा तेच ‘बाहेरचे’ ठरतील. म्हणून त्यांना सांगणे एवढेच: पहिले काही महिने देण्याची घाई करू नका. बोली शिका, सोबत जेवा, तेथील माणसांच्या नेतृत्वाखाली काम करा. ज्यांची सेवा करावयाची, तेच आपले पहिले गुरू होत.