जे आधी मोडतं ते आधी बघ

गोरेगाव, मुंबई

चि. मनूस,


तू निवडलेले पाचही गेमिंग हेडसेट नीट पाहिले. चारांवर रंगीत दिवे आहेत, तिघांवर ७.१ लिहिलंय आणि सगळ्यांच्या खोक्यावर ५० मिमीचा स्पीकर ठसठशीत छापलाय. वजन किती, कुशन बदलून मिळतं का, वायर निघते का, हे मात्र एकाही खोक्यावर सापडेना. डबिंगच्या कामात माझा अख्खा दिवस हेडफोन चढवूनच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताईला एवढ्यात दाखवू नकोस. म्हणेल, मावशीच पोरीला खेळायला शिकवतेय.

आवाजाची काळजी तू सगळ्यात शेवटी कर. बऱ्यापैकी कंपनीचा वायरवाला हेडसेट आज खेळापुरता व्यवस्थित वाजतो. ४० मिमीचा चांगला स्पीकर ५० मिमीच्या सुमार स्पीकरला सहज मागे टाकतो, त्यामुळे त्या आकड्यावर जाऊ नकोस. हेडसेट फेकून द्यायची वेळ येते ती बहुतेकदा स्पीकर बिघडला म्हणून नाही. वायर तुटते, पट्टा चिरतो, कुशन सोलतं, बॅटरी बसते. किंवा काहीच होत नाही, फक्त तासाभराने डोकं दुखायला लागतं आणि वस्तू कपाटात जाते.

आधी डोक्याचं बघू. वजन ग्रॅममध्ये शोधून काढ. रेझरचा ब्लॅकशार्क व्ही२ एक्स २४० ग्रॅमचा, हायपरएक्सचा क्लाउड २ साधारण ३२० ग्रॅमचा आणि ऑडिझीचा मॅक्सवेल जवळजवळ ४९० ग्रॅमचा. मॅक्सवेल सुरेख वाजतो, पण तुझ्या मानेला तो मी सुचवणार नाही. तुझ्यासारखी सलग तीन तास व्हॅलरंट खेळणारी असेल, तर ३०० च्या आतबाहेर थांबावं. अर्थात नुसत्या वजनावरही जाऊ नये. ते टाळूवर कसं बसतं हेही तितकंच महत्त्वाचं. अरुंद पट्ट्याखाली पातळ फोम असेल तर हलका हेडसेटसुद्धा एकाच ठिकाणी टोचतो. स्टीलसिरीजने आर्क्टिस मालिकेत स्कीइंगच्या गॉगलला असतो तसा लवचीक पट्टा डोक्यावरून घेतला, तो एवढ्याचसाठी. भार पसरतो.

दुसरा त्रास चापाचा. नवा हेडसेट थोडा घट्ट असणारच, पण कानशिलं ठणकत असतील तर तो आपला नव्हे. आतला सांगाडा धातूचा असेल तर रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला की जरा सैलावतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्यावर हा प्रयोग करू नकोस, तडकेल. तुला चष्मा आहे, तेव्हा कुशनचा फोम इतका मऊ हवा की काडी त्यात रुतेल. नाहीतर काडी हाडावर दाबली जाते आणि फटीतून खालचे सूर निसटतात ते वेगळंच. कानातली कुडी काढूनच हेडसेट घाल. आणि कुशनच्या आत बोट घालून खोली बघ. कानाची पाळी आतल्या कापडाला टेकत असेल, तर अर्ध्या तासात तिथे आग व्हायला लागते. हे दुकानात दोन मिनिटं लावून कळत नाही. चप्पल घेताना आपण चार पावलं चालून बघतो, तसं हेडसेट लावून वीसेक मिनिटं बस. खाली वाक, मान मागे टाक, जबडा हलव. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे.

आता तुमच्या रत्नागिरीच्या दमट हवेचा प्रश्न. बहुतेक गेमिंग हेडसेटचं कुशन नकली चामड्याचं असतं, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. या थराला ओलावा आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. दमट हवेतलं पाणी त्याचे रेणू हळूहळू तोडत जातं. पहिल्या पावसाळ्यात काही दिसत नाही. मग एके दिवशी शिवणीच्या कडेला बारीक भेगा पडतात, आणि त्यानंतर रोज गालावर आणि मानेवर काळे कपटे चिकटायला लागतात. केसांना तेल लावून तसाच हेडसेट चढवलास तर हे आणखी लवकर होईल. मखमलीसारख्या वेलोरचं किंवा साध्या विणीच्या कापडाचं कुशन असं सोलत नाही आणि घामही कमी येतो. पण त्यातून बाहेरचा आवाज आत येतो, पंख्याची घरघर ऐकू येते आणि खालचे सूर थोडे उतरतात. तुझ्या खोलीत पंखा सदैव चालू, हे मला ठाऊक आहे. तरी मी कापडच घेईन. नकली चामड्याचं घेतलंस तरी चालेल, पण त्याच मापाचं सुटं कुशन बाजारात मिळतं का, हे घेण्याआधी विचार. मिळत नसेल तर पुढे बघूच नकोस.

वायरचं थोडं जास्त सांगते, कारण जास्तीत जास्त हेडसेट तिथेच मरतात. ‘एका कानाला येत नाही’ म्हणून आमच्या स्टुडिओत जो हेडफोन बाजूला निघतो, त्याची वायर जॅकच्या मानेशी वाकवून बघितली की आवाज येतो आणि जातो. आतली तांब्याची केसासारखी तार तिथेच तुटलेली असते. वायर कायमची जोडलेली असेल तर सोल्डरिंग करणारा शोधावा लागतो. सुटी निघत असेल तर नवी लावली की काम झालं. पण ‘वायर निघते’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. तिची खोबण बघ. साधी ३.५ मिमीची, उथळ खोबण असेल तर कुठलीही चांगली वायर बसते. खोल, अरुंद किंवा कंपनीच्या खास आकाराची असेल तर तीच वायर हवी, आणि ती मिळेलच असं नाही. हायपरएक्सच्या दोन मॉडेलांत हा फरक सहज दिसतो: क्लाउड २ ची वायर हेडसेटला पक्की आहे, २०१७ मध्ये आलेल्या क्लाउड अल्फाची निघते. दोन्हींचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, तरी मी अल्फाकडे झुकेन. आणि कुठलाही घे, वायर खुर्चीच्या चाकाखाली जाऊ देऊ नकोस.

पट्टा लहानमोठा करण्याची पट्टी बाहेर ओढून बघ. तिच्या आत धातू दिसला पाहिजे. कानाचा डबा ज्या काट्यावर फिरतो, तो काटा नुसत्या प्लॅस्टिकचा असेल तर चीर तिथेच पडणार. हेडसेट एका हाताने खेचून काढायची सवय तुला आहे, ती सोड. दोन्ही हातांनी काढायचा. मॉनिटरच्या कोपऱ्यावर अडकवून ठेवू नये, पट्टा एकाच बाजूला ताणला जातो.

वायरलेसचा तुला मोह आहे, हे तीन वेळा विचारलंस त्यावरून कळलं. घ्यायचाच तर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला घे. नुसत्या ब्लूटूथवर आवाज मागून येतो; गोळी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. शिवाय माइक चालू केला की बहुतेक ब्लूटूथ हेडसेट फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जातात आणि सगळा खेळ डबक्यातून ऐकल्यासारखा होतो. डोंगलवाल्याला हे दोष नाहीत, पण बॅटरी आहेच. काही वर्षांत ती थकणार, आणि ती बदलता येईल अशी रचना फार थोड्या कंपन्या करतात. युरोपीय संघाने कायदा केलाय की १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. त्याचा फायदा उद्या आपल्यालाही झाला तर बरंच. आज तुझ्या ५ हजारांच्या बजेटमध्ये मी तुला वायरच सांगेन.

७.१ चं काय, तर त्या खोक्यात सात स्पीकर नाहीत. दोनच आहेत, बाकीचा सगळा हिशेब सॉफ्टवेअरचा. व्हॅलरंटमध्ये २०२१ पासून एचआरटीएफची, म्हणजे दोनच स्पीकरमधून दिशा भासवण्याची, सोय खेळातच आहे, पावलं कुठून येताहेत ते तीच दाखवते. ती चालू ठेव आणि हेडसेटचं ७.१ बंद ठेव. दोन्ही एकदम लावलीस तर आवाजाची दिशाच फाटते.

खरं सांगू का, माझ्या मनात भलतंच आहे. गेमिंगचा हेडसेट न घेता स्टुडिओत वापरतात तसला साधा हेडफोन घ्यावा आणि वेगळा माइक जोडावा. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून जवळजवळ तसाच विकला जातोय, वजन २३० ग्रॅमच्या आसपास, आणि त्याची कुशनं अजून मिळतात. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० चा जवळपास प्रत्येक भाग सुटा मिळतो, कुशनही वेलोरचं. दोन्ही तुझ्या बजेटच्या पुढचे आहेत, हे कबूल. पण माइक बिघडला म्हणून अख्खा हेडसेट टाकायची वेळ येत नाही. दिवाळीपर्यंत थांबायची तयारी असेल तर वरची भर मी घालते. (हे ताईला दाखवू नकोस, असं वर लिहिलंच आहे.)

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० वर हीच मुदत ४ तासांवर येते. पावलं ऐकू यावीत म्हणून तू आवाज चढवतेस आणि मग स्फोट थेट कानात होतात. म्हणून पंख्याचा वेग एक घर कमी कर आणि आवाजही तेवढाच उतरव.

मुंबईला येशील तेव्हा ग्रँट रोडला उतर, आपण लॅमिंग्टन रोडवर जाऊ. रविवार टाळ, बहुतेक दुकानं बंद असतात. लॅपटॉप आणि चष्मा दोन्ही घेऊन ये. पक्कं बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी असेल तरच पैसे द्यायचे, दोनतीनशे रुपये वाचतात म्हणून बिलाशिवाय नाही. आणि वॉरंटीत कुशन धरतात का, ते दुकानदाराला तूच विचार. मी विचारलं की तो लगेच दुसरं मॉडेल काढून दाखवतो.

तुझी,
मावशी